वतन आणि मत

धुळ्याहून आग्ऱ्याच्या रस्त्यानें उत्तरेस निघालें कीं सोनगीरचा किल्ला दिसूं लागतो. फारुकी, मोगल, मराठे असे धनी खानदेशांत आले आणि गेले. 1818 सालीं हा प्रांत इंग्रजांच्या हातीं पडला. प्रत्येक वेळीं निशाण बदललें. परंतु आपला धनी कोण असावा, हें गडाच्या पायथ्याशीं राहणाऱ्या गांवास कोणीं विचारलें नाहीं. गांवाच्या वतीनें बोलण्याचा मान वतनदार पाटलाचा, आणि तो मान बापाकडून मुलाकडे जाई.

ही रीत मोडण्यास फार काळ लागला. 1919 च्या कायद्यानें मुंबईच्या कायदेमंडळांत लोकनियुक्त सभासदांचें बहुमत झालें. पण मत होतें तें मुख्यतः सारा व कर भरणाऱ्या थोडक्यांस. 1936 च्या डिसेंबरांत पूर्व खानदेशांतील फैजपूर येथें काँग्रेसचें अधिवेशन प्रथमच एका खेड्यांत भरलें, व लागलीच 1937 सालीं प्रांताच्या 175 जागांच्या विधानसभेची निवडणूक झाली. तरीही बहुतेक शेतमजूर व स्त्रिया मतदानाबाहेरच राहिल्या. सोनगीरच्या तांबटास आणि शेतांत राबणाऱ्या बाईस जमीनदाराइतकेंच एक मत मिळालें, तें 1951-52 च्या निवडणुकींत.

मग मतानें वतन संपलें काय? धुळें तालुक्याचा पुढील इतिहास पाहिला म्हणजे याचें उत्तर एकदम देववत नाहीं. 1957 सालीं धुळ्यानें जनसंघाचे उत्तमराव पाटील यांस लोकसभेवर पाठविलें. त्या वर्षीं साऱ्या देशांत त्या पक्षास चारच जागा मिळाल्या होत्या. त्यानंतर 1962, 1967 व 1971 असे तीन वेळां काँग्रेसचे चुडामण पाटील निवडून आले. त्यांचे पुत्र रोहिदास पाटील कुसुंबा मतदारसंघांतून विधानसभेवर वारंवार गेले व राज्याचे मंत्रीही झाले. पुढें मतदारसंघांच्या पुनर्रचनेंत कुसुंबा हें नांव गेलें आणि धुळें ग्रामीण हें नांव आलें. तेथून 2014 व 2019 सालीं नातू कुणाल पाटील निवडून आले. यास कोणीं नवें वतन म्हटलें, तर त्याच्यावर रागावण्याचें कारण नाहीं.

तथापि वतनास सनद होती, मुदत नव्हती. याच धुळें ग्रामीण मतदारसंघानें 2009 सालीं शिवसेनेचे शरद पाटील व 2024 सालीं भारतीय जनता पक्षाचे राघवेंद्र पाटील यांस निवडलें. कोणता पक्ष बरा, हा वाद आम्ही येथें काढीत नाहीं. एका घराण्यावर तीन पिढ्या ठेवलेला विश्वास लोकांनीं दोनदां शांतपणें परत घेतला, एवढेंच आम्हांस सांगावयाचें आहे. जुन्या काळीं पाटलास असें घरीं बसविणें गांवाच्या हातीं नव्हतें.

मात्र वर आलेलीं सहाही नांवें पाटलांचींच आहेत, हें वाचकांच्या ध्यानांत आलें असेल. वतनदार बदलला म्हणून वतन मोडलें असें होत नाहीं. ज्या घरांत उमेदवाराचें कुळ आधीं विचारतात आणि काम मागाहून, त्या घरांत वतन अजून नांदत आहे. मग तें घर खेड्यांतील असो, कीं आम्हां शिकलेल्यांचें.