निवडलेला रंग

चित्रपटात रंग 'आला' असे आपण सहज म्हणून जातो. जणू ऋतू पालटावा तसा तो एके दिवशी आला. प्रत्यक्षात तो तुकड्यातुकड्यांनी आला, आणि बहुतेक वेळा कोणीतरी निवडला म्हणून आला. व्हिडिओ संपादन शिकणाऱ्याला आज कलर करेक्शनचे दोन प्रकार सांगितले जातात. एकात संपूर्ण चौकटीचा रंग बदलतो. दुसऱ्यात चौकटीतला एखादाच रंग किंवा भाग वेगळा काढून त्यावर संस्कार होतो. या दुसऱ्या प्रकाराचा इतिहास संगणकाहून बराच जुना आहे.

१९२५ सालच्या 'बॅटलशिप पोटेमकिन'मध्ये बंड यशस्वी झाल्यावर युद्धनौकेवर लाल झेंडा चढतो. चित्रपट कृष्णधवल. त्यातून त्या काळच्या फिल्मवर लाल रंग जवळजवळ काळाच उमटत असे. म्हणजे क्रांतीचा लाल झेंडा चित्रित करावा, तर पडद्यावर शोकाचा काळा झेंडा दिसायचा! म्हणून आयझेन्स्टाइनने पांढरा झेंडा चित्रित केला आणि फिल्मवर एकेका चौकटीत तो हाताने लाल रंगवला गेला. तो रंग वरून लावलेला आहे हे प्रेक्षकाला दिसत होते, आणि ते दिसावे हाच हेतू होता. कुरोसावाच्या १९६३ सालच्या 'हाय अँड लो'मध्ये कृष्णधवल शहरावर गुलाबी धुराची एक रेघ उठते आणि अपहरणकर्त्याचा माग लागतो. तिथे रंग साक्षीदाराचे काम करतो. 'शिंडलर्स लिस्ट'मधल्या (१९९३) लाल कोटातल्या मुलीविषयी इतके लिहिले गेले आहे, की तिचा नुसता उल्लेख पुरे.

या सगळ्या उदाहरणांत निवड उघड होती. ती झाकली जाऊ लागली २००० सालच्या सुमारास. कोएन बंधूंच्या 'ओ ब्रदर, व्हेअर आर्ट दाऊ?'ला १९३७ सालची धुळकट, करपलेली मिसिसिपी हवी होती. चित्रीकरण झाले ते भर उन्हाळ्यात. आणि तिकडचा उन्हाळा आपल्यासारखा रखरखीत नसतो, हिरवागार असतो. प्रयोगशाळेत प्रिंट काढताना लाल, हिरव्या, निळ्या प्रकाशाचे प्रमाण बदलता येई. पण ते साऱ्या चौकटीला लागू होई. गवत वाळवायला जावे तर माणसांचे चेहरेही कावीळ झाल्यासारखे दिसायचे. अखेर छायालेखक रॉजर डीकिन्स यांनी संपूर्ण चित्रपट संगणकावर उतरवून घेतला. ठरावीक छटेचा, ठरावीक गडदपणाचा हिरवा तेवढा वेगळा निवडायचा आणि त्याला पिवळ्या-तपकिरी रंगाकडे सरकवायचे, असे ते काम होते. त्याला सुमारे ११ आठवडे लागले. आज हेच काम घरच्या संगणकावर एका दुपारी होते. मातीचा रंग बदलताना त्वचेचा रंगही ओढला जाण्याची अडचण मात्र आजही येऊ शकते; तेव्हा चेहऱ्यावर मुखवटा लावून तो वाचवता येतो.

'ओ ब्रदर' पाहणाऱ्याला हिरवे रान कधीच दिसले नाही. त्यामुळे ते वाळवले गेल्याचेही त्याला कळले नाही. यात फसवणूक झाली असे आम्ही म्हणणार नाही. मात्र निवड एकदा अदृश्य झाली, की तिच्याविषयी प्रश्न विचारणेही थांबते.

याचे आपल्याकडचे उदाहरण म्हणजे 'मुघल-ए-आझम'. १९६० सालच्या मूळ चित्रपटात शीशमहालातले 'प्यार किया तो डरना क्या' हे गाणे आणि अखेरचा काही भाग रंगीत होता, बाकी सारे कृष्णधवल. एक नर्तकी बादशहासमोर आपल्या प्रेमाची निर्भय कबुली देते आणि त्याच क्षणी पडदा रंगांनी उजळतो. छतावरच्या शेकडो आरशांत ती एकटीच नाचत राहते. मग २००४ साली संपूर्ण चित्रपट संगणकावर रंगवून पुन्हा प्रदर्शित झाला. नवा प्रेक्षक मिळाला, हे खरे. पण दरबार पहिल्यापासूनच रंगीत झाल्यावर अनारकलीच्या वाट्याचे वेगळेपण उरले कुठे?

के. आसिफ यांना सारा चित्रपट रंगीतच हवा होता, हे उत्तर नेहमी दिले जाते. तसे त्यांना वाटत होतेही. ते नव्याने चित्रीकरण करायला तयार होते, पण पैसा लावणारे आणखी थांबायला तयार नव्हते. तरीही आसिफ यांना हवे होते ते रंगीत फिल्मवरचे चित्रण, त्यांच्या डोळ्यांदेखत उजळलेले आणि त्यांनी पसंत केलेले. ते १९७१ साली वारले. २००४ सालच्या प्रतीत कोणत्या शालूला कोणता रंग द्यायचा, हे दुसऱ्यांनीच ठरवले.