जुन्या हार्प्सिकॉर्डवरील फुले, पाखरे आणि देवदूत

हार्प्सिकॉर्ड हे पियानोच्या आधीचे पाश्चात्त्य वाद्य. पट्टी दाबली की पक्ष्याच्या पिसाच्या देठाचा छोटा तुकडा तार छेडतो. या वाद्यांत अँटवर्प शहरातील रुकर्स घराण्याला मोठा मान आहे. घराण्याचे मूळ पुरुष हान्स रुकर्स १५७९ साली तेथील सेंट ल्यूक संघात दाखल झाले. हा संघ मुख्यतः चित्रकारांचा होता.

रुकर्स वाद्याचे झाकण उघडले की तारांखालच्या लाकडी नादफलकावर रंगवलेली फुले, पक्षी, फुलपाखरे आणि किडे दिसतात. कडेने निळी वेलबुट्टी असते. सुरवंटाचे फुलपाखरू होते, म्हणून त्यात मृत्यूनंतरच्या नव्या जीवनाची खूण अभ्यासक पाहतात. झाकणावर लॅटिन वचने असत. एकाचा आशय असा: संगीत हे आनंदाचे सोबती आणि दुःखावरचे औषध. व्हर्मीरच्या ‘द म्युझिक लेसन’ या चित्रातील वाद्यावर हेच वचन आहे. दुसरे एक वचन लाकडाच्या तोंडी आहे: जिवंत होते तेव्हा मी मुके होते, मेल्यावर गोड गाते.

पट्ट्यांभोवती नक्षीचा छापील कागद चिकटवत. नादफलकातील गोल छिद्रात मात्र सोनेरी मुलाम्याची धातूची जाळी असे. तिच्यात हार्प वाजवणारा देवदूत आणि कारागिराची आद्याक्षरे: हान्ससाठी ‘एच. आर.’, आंद्रेआससाठी ‘ए. आर.’. शोभेबरोबरच ही कारागिराची सहीही होती.

म्हणूनच तिची नक्कलही झाली. अठराव्या शतकात पॅरिसमध्ये रुकर्सची किंमत इतकी वाढली, की काही नव्या वाद्यांवर तेच नाव घालून ती विकली गेली. अस्सल वाद्येही जास्त स्वरांसाठी रुंद करण्यात आली. आज अभ्यासक रंगकाम बारकाईने पाहतात: फुलांची मांडणी कुठे तुटते, रंगवणारा हात कुठे बदलतो. त्यावरून जोडलेले लाकूड ओळखता येते. ते रंगकाम कुणी खरवडून नवे केले असते, तर हा पुरावा नाहीसा झाला असता.

आपल्यापैकी अनेकांच्या घरी आजोबा-पणजोबांची पेटी किंवा पायपेटी आहे. दुरुस्तीला देताना तिच्यावरचे नाव, शिक्का, आतले कागद आणि जुने पॉलिश यांचे आधी फोटो काढून ठेवावेत. सूर पुन्हा जुळवता येतात. पुसलेली सही परत मिळत नाही, असे आम्हाला वाटते.