घुमट आणि ध्वनिपेटीचे मुख

गोव्याच्या घुमटाला दोन मुखे असतात. मोठे चामड्याने मढविलेले, लहान उघडे. लहान मुख तळहाताने कमीअधिक झाकून वादक नाद उतरवितो वा चढवितो. मंद्र नादाच्या ध्वनिपेटीतील नळीचे तत्त्व हेच होय : पोकळीतील हवा स्प्रिंगप्रमाणे दबते, मुखातील हवा वजनाप्रमाणे डोलते. अशा अनुनादकांस हेल्महोल्ट्झच्या १८६३ च्या ग्रंथाने शास्त्रात प्रतिष्ठा दिली. अमेरिकेत थुरास याने १९३२ साली ध्वनिक्षेपकाच्या पेटीस मुख ठेवण्याचे एकस्व मिळविले; परंतु पेटी, मुख व ध्वनिक्षेपक यांचा मेळ गणिताने बसविण्याची सुटसुटीत रीत थील (१९६१) व स्मॉल (१९७३) यांच्या लेखनानेच रूढ झाली.

आज भवानीनगरातील एखाद्याने घरी १०० लिटरची पेटी सेकंदास ३० कंपनांवर जुळवावयाचे ठरविले, तर १० सें.मी. व्यासाच्या नळीची लांबी हिशेबाने २६ सें.मी. येते, टोकांबाहेरील हवाही डोलत असल्याने प्रत्यक्षात सुमारे १९ पुरते. घुमटवादकाचा तळहात चूक तत्क्षणी सुधारतो. नळीस तो नाही. कापलेली नळी आखूड करता येते, वाढविता येत नाही. म्हणूनच येथे गणित आधी, करवत नंतर.