रानजवाशी संकर : एक तळटीप
* ग्रंथकाराने येथे ओझरता उल्लेखिलेला संकर म्हणजे लागवडीच्या जवाचा, अर्थात सातूचा, भूमध्य समुद्राच्या आसमंतात उगवणाऱ्या व बुडाशी कंद धरणाऱ्या ‘हॉर्डियम बल्बोसम’ या बहुवर्षायू रानजवाशी घडवून आणलेला संयोग होय. या रानजवाच्या द्विगुणित प्रकारात सातूप्रमाणेच १४ गुणसूत्रे असतात. परंतु फलनानंतर थोड्याच दिवसांत, पेशींचे विभाजन चालू असतानाच, रानजवाकडून आलेली गुणसूत्रे बहुधा बेदखल होतात आणि केवळ सातूची ७ गुणसूत्रे धारण करणारा भ्रूण शिल्लक राहतो. दाण्यात पोषक गर नीट भरत नसल्यामुळे हा इवलासा भ्रूण चिमट्याने अलगद काढून कृत्रिम पोषकद्रव्यावर वाढवावा लागतो. पुढे कॉल्चिसीनच्या योगाने त्याची गुणसूत्रे दुप्पट केली, म्हणजे ज्या शुद्ध वाणासाठी एरवी अनेक पिढ्या स्वपरागणाची वाट पाहावी लागे, तो एकाच पिढीत हाती येतो. कॅनडातील ग्वेल्फ विद्यापीठाच्या काशा व काओ यांनी ही रीत १९७० साली प्रसिद्ध केली. आमच्या मते मात्र याहून मोलाचे ते विरळा संकर, ज्यांत रानजवाचा एखादा गुणसूत्रखंड टिकून राहतो आणि भुरी व तांबेरा या रोगांना तोंड देण्याची त्याची शक्ती सातूत कायमची दाखल होते. — संपादक