तबकडीतला ठेवा आणि कानसेनांची देवघेव

भंडारा जिल्ह्याच्या उत्तर टोकाला, मध्य प्रदेशाच्या सीमेलगत, तुमसर तालुक्यात बपेरा हे गाव वसलेले आहे. या गावाचा आणि अभिजात संगीताच्या ध्वनिमुद्रिकांचा संबंध काय, असे वाचकांना सहज वाटेल. संबंध आहे तो रानाचा. पूर्व विदर्भाच्या रानांत पळस आणि कुसुम यांच्या फांद्यांवर लाखेचे किडे वाढतात. ती लाख खरवडून, धुऊन, वितळवून तिचा चपडा करतात. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात जगभर वाजणाऱ्या तबकड्यांत दगडाची भुकटी, काजळी आणि त्यांना बांधून ठेवणारा हा चपडाच असे, आणि जगाला तो पुरविणारा प्रमुख देश भारत होता. आमच्या बुजुर्गांचा आवाज जिच्यात साठला, ती वस्तू मुळात अशा रानांची देणगी होती.

मात्र त्या तबकडीत गाणे साठविणे हे काही सर्वांना रुचणारे नव्हते. आमच्याकडे गायकी हे घराण्याचे धन होते. शिष्याने वर्षानुवर्षे सेवा करावी, तेव्हा गुरूने एखादी चीज द्यावी, हा रिवाज होता. अनवट रागातील बंदिश परक्याच्या कानी पडू नये म्हणून मैफिलीत तिचे शब्द मुद्दाम अस्पष्ट उच्चारणारे गवई होते, असे जुने जाणकार सांगत. याला केवळ कृपणता म्हणणे अन्यायाचे ठरेल. ज्याची सारी उपजीविका गळ्यातील विद्येवर, त्याने ती जपली तर नवल नाही. पंडित विष्णु नारायण भातखंडे (1860–1936) यांनी गावोगाव हिंडून, उस्तादांची मनधरणी करून शेकडो चिजा मिळविल्या आणि स्वरलिपीसह छापल्या. बंद पेटीचे झाकण प्रथम उघडले ते असे. परंतु स्वरलिपीत चीज उतरते, गळा उतरत नाही. त्यासाठी यंत्रच यावे लागले.

नोव्हेंबर 1902 मध्ये ग्रामोफोन कंपनीचे फ्रेड गायस्बर्ग यांनी कलकत्त्यात गौहरजान यांचे गाणे मुद्रित केले. मूळ मुद्रणे जर्मनीतील हॅनोव्हर येथे धाडली जात आणि तेथे तबकड्या तयार होत. तेथील कारागिरांना गायिकेची ओळख पटावी म्हणून गाण्याच्या शेवटी ती स्वतःचे नाव इंग्रजीत पुकारी. पुढे 1908 मध्ये कलकत्त्यातील सियालदह येथे कारखाना निघाला आणि तबकड्या येथेच होऊ लागल्या. एका बाजूला सुमारे तीन मिनिटे मावत. तासभर चालणारा ख्याल तीन मिनिटांत बसवायचा म्हणजे विस्तार टाकून अर्क तेवढा ठेवायचा. कित्येकांना हा कलेचा अपमान वाटला. काहींनी मात्र त्या तीन मिनिटांचेच सोने केले.

ज्यांनी यंत्राकडे पाठ फिरविली, त्यांचे काय झाले? भास्करबुवा बखले (1869–1922) यांचे गाणे ज्यांनी ऐकले त्यांनी भरभरून लिहून ठेवले, बालगंधर्व आणि मास्टर कृष्णराव यांसारखे शिष्य त्यांनी घडविले. पण त्यांच्या आवाजाची एकही मुद्रिका आज उपलब्ध नाही. जयपूर घराण्याचे प्रवर्तक अल्लादियाखाँ (1855–1946) यांचीही तीच कथा. त्यांच्या हयातीत ध्वनिमुद्रण चाळीस वर्षांहून अधिक काळ चालू होते, तरी त्यांचा स्वर आपल्याला केवळ शिष्यांच्या गळ्यातून कल्पावा लागतो.

याउलट खाँसाहेब अब्दुल करीमखाँ (1872–1937) यांनी तबकड्या दिल्या. त्यांची झिंझोटीतील ठुमरी घरोघर गेली. कर्नाटकातील गदग येथे एका दुकानात ती वाजत असे आणि शाळेतून परतणारा एक मुलगा तेथे खिळून उभा राही. असे गाणे आपल्याला आले पाहिजे, या ध्यासाने तो 1933 मध्ये अवघ्या अकराव्या वर्षी गुरूच्या शोधात घराबाहेर पडला आणि अखेर खाँसाहेबांचेच शिष्य सवाई गंधर्व यांच्या पायाशी येऊन बसला. हे भीमसेन जोशी. ती तबकडी त्या मुलाच्या मालकीची नव्हती. दुकानदाराने ती मोठ्याने वाजविली, एवढेच तिचे दान. पण त्यातून एक गायक निघाला.

तबकडी विकत घेणे हे सर्वांच्या आवाक्यातले नव्हते. म्हणून आळीत एखाद्याकडे चावीचा फोनो असला, की त्याचे घर हीच सभा होई. प्रत्येक बाजूला नवी पिन लावायची, चावी भरायची आणि तीन मिनिटे श्वास रोखून बसायचे. पुढे 16 जुलै 1948 रोजी नागपूर आकाशवाणी केंद्र सुरू झाले आणि जेथे फोनो पोहोचला नव्हता, अशा सीमेवरच्या खेड्यांपर्यंतही गाणे येण्याची वाट मोकळी झाली. 1952 पासून आकाशवाणीच्या राष्ट्रीय संगीत कार्यक्रमात दिग्गजांची दीर्घ गायने प्रसारित होऊ लागली. तानसेन होणे सर्वांच्या नशिबी नसते. कानसेन होण्याची संधी मात्र खेड्यापाड्यांनाही मिळाली.

नंतर टेपरेकॉर्डर आला, कॅसेट आली. मैफिलीचे मुद्रण करावे, त्याच्या प्रती काढाव्यात, ‘तुमचे मन्सूर द्या, आमचे कुमारजी घ्या’ म्हणून अदलाबदल करावी, असा दर्द्यांचा एक व्यवहारच सुरू झाला. कलावंताच्या संमतीविना झालेली मुद्रणेही त्यात होती आणि त्याबद्दलची कलावंतांची नाराजी रास्त होती. पण जुन्या तबकड्यांची दैना या काळात वाढली. घरातली अडगळ म्हणून त्या भंगारात गेल्या. मुंबईच्या चोरबाजारात त्या हुडकणारी काही वेडी माणसे होती, म्हणून पुष्कळसे वाचले. 1990 मध्ये मुंबईत अशा संग्राहकांनी ‘सोसायटी ऑफ इंडियन रेकॉर्ड कलेक्टर्स’ ही संस्था काढली. सुरेश चांदवणकर हे तिच्या प्रमुख कार्यकर्त्यांपैकी. श्रवणसत्रे भरवावीत, ‘द रेकॉर्ड न्यूज’ या नियतकालिकातून माहिती छापावी, तबकडीच्या लेबलावरून आणि तिच्यावर कोरलेल्या क्रमांकावरून मुद्रणाचा काळ ठरवावा, हे काम या मंडळींनी नेटाने केले. आपले कपाट दुसऱ्यासाठी उघडणे हा या चळवळीचा प्राण होय. कारण संग्राहकही उस्तादाइतकाच कृपण होऊ शकतो. दुर्मीळ मुद्रिका कुलपात ठेवून तिच्या दुर्मीळतेवरच मिरविणारे रसिक सर्वत्र असतात.

या साऱ्या इतिहासाचे मर्म एकाच गायिकेच्या चरित्रात सापडते. गोव्यातील केरी येथे 1892 साली जन्मलेल्या केसरबाई केरकर या अल्लादियाखाँसाहेबांच्या पट्टशिष्या. गुरूप्रमाणेच त्याही विद्येच्या बाबतीत कडक. आकाशवाणीवर त्या गायल्या नाहीत, तबकड्या मोजक्याच दिल्या आणि शिष्या म्हणून धोंडूताई कुलकर्णी यांनाच जवळ केले. 1977 मध्ये अमेरिकेची व्हॉयेजर याने निघाली, तेव्हा परक्या जगासाठी पृथ्वीचे संगीत निवडण्याचे काम शास्त्रज्ञ कार्ल सेगन यांच्या समितीकडे होते. संगीताचे अभ्यासक रॉबर्ट ब्राउन यांनी आपली आवडती मुद्रिका सुचविली : केसरबाईंची भैरवी. ती सहजी मिळेना. अखेर न्यूयॉर्कमधील एका भारतीय कुटुंबाच्या दुकानात, टेबलाखालच्या खोक्यात तिच्या प्रती सापडल्या. बाख, मोझार्ट आणि बेथोव्हन यांच्या रचनांसमवेत ही साडेतीन मिनिटांची भैरवी सोनेरी तबकडीवर कोरली गेली. दुसरे यान 5 सप्टेंबर 1977 रोजी सुटले आणि अकराच दिवसांनी, 16 सप्टेंबरला, केसरबाई निवर्तल्या.

आपला स्वर कोणी उचलू नये म्हणून आयुष्यभर जपणाऱ्या गायिकेचा तोच स्वर आज सूर्यमंडलाच्या सीमेपलीकडे चालला आहे. एका रसिकाला एक मुद्रिका आवडली आणि ती त्याने स्वतःपाशी ठेवली नाही, म्हणून हे घडले. आपल्या धर्मग्रामांतील कित्येक घरांच्या माळ्यांवर अजूनही तबकड्या, फिती आणि कॅसेटी पडून असतील. कोणाची भक्तिगीते, कोणाचे नाट्यसंगीत, कोणा आजोबांनी हौसेने घेतलेला ख्याल. बुरशी आणि धूळ वाट पाहत नाहीत. त्या खाली काढाव्यात, पुसाव्यात, जाणकाराकडून त्यांची प्रत करून घ्यावी आणि एखाद्या संध्याकाळी चार शेजाऱ्यांना बोलावून ऐकाव्यात.