अंगोला कारागृहातील कैदी-धर्मसेवक : एक ऐतिहासिक दृष्टिक्षेप

अमेरिकेतील लुइझियाना राज्याचे पुरुषांसाठीचे कारागृह 'अंगोला' या नावाने ओळखले जाते. सुमारे १८,००० एकरांचा हा परिसर पूर्वी गुलामांच्या श्रमावर चालणारा मळा होता. १९९४ च्या कायद्याने कैद्यांच्या उच्च शिक्षणासाठीचे पेल अनुदान बंद झाले. लगेच १९९५ मध्ये अधीक्षक बर्ल केन यांच्या पुढाकाराने न्यू ऑर्लिन्सच्या बाप्टिस्ट धर्मशास्त्र विद्यालयाने तेथे वर्ग सुरू केले. साहजिकच धर्मशिक्षण हाच पदवीचा मार्ग ठरला. हृदयपरिवर्तनाची चर्चा करताना ही बाब नजरेआड करता येत नाही. शासन आणि धर्म यांच्या सरमिसळीवर टीकाकारांनी घेतलेला आक्षेपही रास्तच होय.

तथापि या राज्यात जन्मठेप म्हणजे सामान्यतः पॅरोलविना आमरण कैद. त्यामुळे पदवीधर झालेल्या अनेक जन्मठेपी कैद्यांना सुटकेचे आमिष नव्हते. तरीही त्यांनी कारागृहातील ख्रिस्ती मंडळ्या चालविल्या, सोबत्यांचे समुपदेशन केले. काही जण तर धर्मसेवक म्हणून राज्यातील अन्य कारागृहांत गेले. त्यांच्या परिवर्तनास केवळ ढोंग म्हणणे त्यामुळेच कठीण जाते. २०२३ मध्ये पेल अनुदान कैद्यांसाठी पुन्हा खुले झाले. मृतदेह न्यावयास कोणी न आल्यास कैद्याचे दफन आवारातील पॉइंट लुकआउट दफनभूमीतच होते. शवपेटीही सहकैद्यांनीच घडविलेली असते.