वस्तरा कोणाच्या हाती?

इतिहास म्हटला की तलवार, तोफ आणि तह एवढेच आमच्या विद्यार्थ्यांच्या डोळ्यांपुढे उभे राहते. तीस वर्षे हा विषय शिकवल्यावर मला वाटते की, समाज कसा बदलला हे पाहायचे तर वस्तऱ्याकडेही पाहावे. तलवार क्वचित उपसली जाते. वस्तरा मात्र घरोघरी, पिढ्यान्‌पिढ्या चालत आला आहे.

आपल्या सीमाभागातील पेठेत एका दुकानावर ‘केशकर्तनालय’ अशी पाटी असते, तर पलीकडच्या दुकानावर ‘क्षौरद अंगडी’. पाट्यांच्या भाषा दोन, पण धोकटीतले सामान एकच : वस्तरा, वाटी, आरसा, तुरटी. गावगाड्यात न्हावी हा बलुतेदार. वर्षभर गावाची हजामत करायची आणि सुगीला खळ्यावरून धान्य न्यायचे, ही रीत. मराठी नाभिक समाज संत सेना महाराजांना आपले मानतो, कन्नड नाभिक समाज बाराव्या शतकातील शरण हडपद अप्पण्णांना. ज्याला समाजाने खालची पायरी दिली, त्याच्यापुढे गावचा पाटीलही निमूटपणे मान पुढे करून बसे!

पण वस्तरा कोणाच्या मस्तकावर चालवायचा, हे ठरवण्याचा अधिकार त्या कारागिराला नव्हता. उच्चवर्णीय घरांत पती वारलेल्या स्त्रीचे केशवपन होई आणि ते काम न्हाव्याने करायचे, असा दंडक होता. १८९० साली मुंबईत नारायण मेघाजी लोखंडे यांच्या पुढाकाराने नाभिकांची सभा भरली आणि यापुढे विधवांच्या मस्तकावर वस्तरा चालवायचा नाही, असा निर्धार झाला. जोतीराव फुल्यांच्या सत्यशोधक विचारांचे बळ त्यामागे होते. हातातले हत्यार खाली ठेवणे हाही पराक्रमच असतो. आमच्या पाठ्यपुस्तकांत या घटनेला एखाद्या ओळीपेक्षा जास्त जागा मिळायला हवी.

त्याच सुमारास दूर देशी वस्तरा निराळ्याच वाटेने निघाला होता. स्वतःची दाढी स्वतः कशी करावी यावर पॅरिसच्या झां-झाक पेरे या सुऱ्या-कात्र्यांच्या कारागिराने अठराव्या शतकातच पुस्तक लिहिले होते. तरी उघड्या धारेचे भय जाईना. अमेरिकेतील किंग कॅम्प जिलेट या फिरत्या विक्रेत्याला १८९५ साली पातळ, बदलता येणाऱ्या पात्याची कल्पना सुचली. विल्यम निकर्सन या तंत्रज्ञाने ती प्रत्यक्षात आणली. १९०३ साली, विक्रीच्या पहिल्या वर्षी, खपले अवघे ५१ रेझर आणि १६८ पाती. १९०४ साली पेटंट मिळाले. पुढे पहिल्या महायुद्धात अमेरिकी सरकारने सैनिकांसाठी सुमारे ३५ लाख रेझर घेतले. सैनिक घरी परतले ते रोज स्वतः दाढी करण्याची सवय घेऊनच.

हळूहळू ती सवय आपल्याकडेही आली. आठवड्याची दाढी रोजची झाली आणि ओसरीवरचा आरसा न्हाणीघरात गेला. मात्र पाते घरी आले तरी कसब दुकानातच राहिले. न्हावी गिऱ्हाइकाची दाढी आधी भरपूर भिजवतो. आपण घाईत साबण फासतो आणि रेझर ओढतो. मग आग होते, पुटकुळ्या येतात आणि दोष पात्याला!

खरे तर त्याचीच रीत घरी पाळावी. कोमट पाण्याने चेहरा दोन-तीन मिनिटे भिजवावा, म्हणजे केस मऊ होतात. ब्रशने दाट फेस करावा. कूपनलिकेच्या जड पाण्यात साबणाला फेस येत नाही. तिथे पिण्याचे गोडे पाणी वाटीभर घ्यावे. पाते त्वचेशी साधारण ३० अंशांचा कोन करील असे धरावे आणि दाब न देता, केसांच्या वळणाने फिरवावे. पुन्हा फेरा हवा असल्यास फेस नव्याने लावावा. शेवटी थंड पाणी आणि तुरटी. तुरटीने बारीकसारीक रक्त थांबते. पाते बोथट होताच बदलावे. एक पाते बापलेकांनी मिळून कदापि वापरू नये. ‘हेपॅटायटिस बी’सारखी कावीळ रक्तातून पसरते, म्हणून तर दुकानांतूनही दर गिऱ्हाइकाला नवे अर्धे पाते लावण्याची पद्धत आली.

या दिवाळीत कोणा घरी मिसरूड फुटलेल्या मुलाला पहिला रेझर दिला जाईल. माझी पालकांना विनंती एवढीच की, त्याला एकदा ओळखीच्या नाभिकाकडे न्यावे, त्याचा हात कसा चालतो ते पाहू द्यावे, आणि येताना वाटेत १८९० ची ती गोष्टही सांगावी.